‘गोड बोलून केलेली जबरदस्ती’ : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

कॅलिफोर्नियात सालिनासजवळच्या ज्या घरगुती रँचवर माझा मुलगा घोड्यांबरोबर काम करायला शिकतो, त्यावरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि न पटलेलं स्पष्ट लिहिलंत, याचा आनंद झाला. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. ‘नॅचरल हॉर्समनशिप’, म्हणजे घोड्याला न मोडता, त्याला समजून घेऊन शिकवायची तिथली पद्धत, ही गोड बोलून केलेली जबरदस्ती, दोरीचा दाब तोच आणि काठीचा धाकही तोच. कळपाचा म्होरक्या होऊन घोड्याला वळण लावायचं, ही कल्पना शास्त्रात बसत नाही. हा सगळा पैसेवाल्यांच्या हौसेवर चाललेला धंदा आहे. आणि यातलं जे खरं आहे ते आपल्या चाबुकस्वारांना, म्हणजे घोडे शिकवणाऱ्यांना, आधीपासून माहीत होतं, त्यासाठी कॅलिफोर्नियाचे गोडवे गाण्याची गरज नाही. तुमचे आजोबा सारंगखेड्याच्या बाजारासाठी घोडे तयार करायचे, म्हणजे तुम्ही हे ऐकीव लिहिलेलं नाही. त्यामुळे दोन ओळींत उत्तर उरकावं असं मला वाटेना.

आधी जबरदस्तीचं बोलू. दाब आहे, हे मला पूर्ण मान्य आहे. मोरकीवर, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधलेल्या दोरीवर, लागलेलं बोट हा दाब, पोटरीचा स्पर्श हा दाब, घोड्याच्या कुल्ल्याकडे रोखून बघत चार पावलं टाकणं हाही दाबच. अंगावर माशी बसली तरी तेवढीच कातडी थरथरवणारा हा प्राणी आहे, त्याला यातलं काहीच कळल्यावाचून राहत नाही. पण घोडा शिकतो तो दाब सुटल्यामुळे. ज्या क्षणी दाब सुटला, त्या क्षणी आपण जे करत होतो ते बरोबर, एवढंच तो मनात नोंदवतो. म्हणून त्या रँचवर पहिले कित्येक धडे माणसाच्या हातांचेच असतात.

माझ्या मुलाचं सांगते. एका अबलख घोडीला एक पाऊल मागे सरकवायचं, एवढंच काम त्याला दिलं होतं. नाकाच्या हाडाशी मोरकीच्या गाठीवर दोन बोटं टेकवायची आणि थांबायचं. घोडीने उलट त्या बोटांवरच नाक रेललं. त्याने जोर वाढवायचा नव्हता आणि सोडायचंही नव्हतं. थोड्या वेळाने तिचा एक कान त्याच्याकडे वळला. मग तिच्या छातीचा स्नायू हलला आणि पुढच्या खुरांवरचं वजन किंचित मागे गेलं. पाऊल अजून उचललेलं नव्हतं, पण कुंपणाशी उभ्या असलेल्या, रँच चालवणाऱ्या आजीबाई म्हणाल्या, “आता!” त्याने बोटं काढली. घोडीने मान खाली घातली आणि लांब श्वास सोडला. थोडा वेळ तिला तशीच उभी राहू दिली, मग पुन्हा विचारलं. तासाच्या शेवटी बोटं केसांना लागताच ती मागे सरकत होती.

आजीबाईंना तो वजनातला फरक वीस हातांवरून दिसला. मुलगा घोडीला चिकटून उभा होता, तरी त्याला तो दिसायला काही महिने गेले. तिथल्या शिकवण्याचा बहुतेक भाग या बघण्यातच जातो. उत्तर मिळाल्यावरही दाबत राहिलात, तर काहीही केलं तरी हे थांबत नाही, असं घोड्याला कळून चुकतं. मग तो एक तर झगडतो, नाही तर आतून मिटून जातो.

मिटलेला घोडा मला झगडणाऱ्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो, कारण बघणाऱ्यांना तो शहाणा वाटतो. नाकपुड्या आवळलेल्या, डोळ्याच्या वर सुरकुती, शेपूट घट्ट दाबलेली, कान हलत नाहीत, श्वास वरच्या वर. अंगावर ताडपत्री टाकली तरी हलत नाही, आणि लोक टाळ्या वाजवतात. अशी प्रात्यक्षिकं ‘नॅचरल’च्या नावाखाली होतात. त्यांना तुम्ही जबरदस्ती म्हणत असाल तर माझा शब्द तुमच्याच बाजूने आहे.

म्होरक्याच्या कल्पनेवरही मी तुमच्याशी भांडणार नाही. गोल कुंपणात घोड्याला पळवायचं, तो वळून आपल्याकडे आला की त्याने आपलं नेतृत्व मानलं, असं बरेच जण सांगतात. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये मांडलेल्या एका छोट्या अभ्यासात माणसाऐवजी रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी आत सोडली होती. घोडा गाडीकडे वळला की गाडीचा पाठलाग थांबायचा. घोडे त्या गाडीकडेही वळायला शिकले. आता गाडीला कोणी कळपाचा नेता मानेल असं नाही, म्हणजे तिथेही काम केलं ते दाब सुटण्याच्या वेळेनेच. इंटरनॅशनल सोसायटी फॉर इक्विटेशन सायन्स या संस्थेनेही अधिकृत भूमिका घेऊन सांगितलं आहे की घोडे शिकवताना वर्चस्वाच्या कल्पनांवर विसंबू नये, कारण त्यातून माणूस शिक्षेकडे वळतो. मी लिहिलं त्या रँचवर ‘बॉस कोण ते दाखव’ हे वाक्य मी कधी ऐकलेलं नाही. मुलं एकमेकांना तसं म्हणाली तर आजीबाई खेळ थांबवतात.

ही पद्धत आली कुठून, हे मूळ लेखात मी अगदी धावतं लिहिलं होतं, आणि तुमच्या ‘पैसेवाल्यांच्या हौसेवर चाललेला धंदा’ या शब्दांना उत्तर तिथेच आहे. टॉम डोरन्स (1910–2003) आणि त्यांचे मोठे भाऊ बिल (1906–1999) ही अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या गुरं राखणाऱ्या कुटुंबातली माणसं. त्यांच्याकडून शिकलेले रे हंट (1929–2009) हेही गुरांमागे घोड्यावर दिवस काढणारेच. त्या भागात तरुण घोड्याला ‘मोडायची’ रीत होती. खांबाला बांधायचं, डोळ्यांवर फडकं, कधी एक पाय वर बांधायचा, पाठीवर खोगीर आवळायचं आणि तो उधळून दमेपर्यंत वर बसून राहायचं. घोडे पुष्कळ, माणसं थोडी, वेळ कमी, म्हणून हे चालायचं. पण भीती दबून राहायची आणि पुढे एखाद्या दिवशी माळावर, मदतीपासून कित्येक मैल दूर, एखाद्या सापावरून किंवा उडत्या कागदावरून बाहेर यायची. ज्याचा जीव रोज घोड्याच्या चार पायांवर आहे त्याला हे परवडत नाही. या माणसांनी घोड्याला समजून घ्यायचा आग्रह धरला तो कामाच्या गरजेतून. बिल डोरन्स पुढे सालिनास भागातच राहिले. तिथे वाकेरो लोकांची, म्हणजे स्पॅनिश-मेक्सिकन गुराख्यांची, जुनी शिस्त होती. घोड्याच्या तोंडात लोखंड घालायच्या आधी बराच काळ त्याला नुसत्या नाकपट्टीवर, वळलेल्या चामड्याच्या बोसालवर, तयार करायचं. पूर्ण लगामावर यायला काही वर्षं लागायची आणि त्याची घाई कोणी करत नसे.

धंदा नंतर आला, आणि तो आहे. रंगीत काठ्या, ‘खास’ दोऱ्या, पातळीनुसार प्रमाणपत्रं, सगळं विकलं जातं. एक गोष्ट मात्र विकणारे सांगत नाहीत, ती इथे लिहून ठेवते. दोरीची बारीक मोरकी दिसायला साधी असली तरी रुंद चामड्याच्या मोरकीपेक्षा जास्त टोचते, कारण तोच जोर कमी जागेवर येतो. झटके देणाऱ्या हातात ती क्रूर आहे. आणि ती घालून घोड्याला कुरणात सोडायचं नसतं, अडकली तर तुटत नाही.

घरचं रँच असल्याने काय फरक पडतो, हेही तुम्ही विचारलंत. फरक असा की तिथे घोडा बिघडला तर तो घरातच बिघडतो. आज एखाद्या शिकाऊ माणसाने ज्या घोड्याचं तोंड ओढलं, त्यावर उद्या आजीबाईंची नात बसणार असते. त्यामुळे नवख्याच्या हाती लगाम उशिरा येतो. घोडा कुरणातून आणण्यापासून धडा सुरू होतो. तो पाठ फिरवून चालू लागला तर पाठलाग करायचा नाही, का गेला ते बघायचं. तो तास त्यातच गेला तरी पैसे परत मिळत नाहीत, आणि पालक कुरकुरतात, हेही खरं. ज्यांना फी झेपत नाही ती मुलं तबेला साफ करून, गवताच्या गाठी वाहून धडे मिळवतात. म्हातारे घोडे तिथेच राहतात. दात गेलेल्या एका घोड्याला रोज भिजवलेला चारा द्यायचं काम माझ्या मुलाकडे आहे, आणि स्वारीपेक्षा त्यालाच तो जास्त जपतो.

आता आपल्याकडचं. चाबुकस्वारांना हे कळत होतं, असं तुम्ही म्हणता, आणि मला ते खरं वाटतं. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला जायचा, घोडा गमावला तर बारगीर होऊन सरकारी घोड्यावर बसायची वेळ यायची. अशा समाजात घोड्याची पारख आणि माया नसती तर भीमथडीच्या तट्टांवर एवढ्या लांबच्या मोहिमा झाल्याच नसत्या. आजही वारीत माउलींचा अश्व स्वार न घेता रिंगणात दौडतो. दोन्ही बाजूंना हजारो माणसं, टाळ-मृदंगाचा कल्लोळ, आणि तो घोडा बिचकत नाही. त्याला हे ज्यांनी शिकवलं त्यांना कोणी कॅलिफोर्नियाहून येऊन धडे देणार नाही.

पण काका, काटेरी लगामही आपल्याकडेच आहे. वरातींत, टांग्यांना, पर्यटनाच्या घोड्यांना तो अजून दिसतो. जिभेवर आणि ओठांच्या कोपऱ्यांवर रुतणारे खिळे, त्यातून येणारं रक्त, आणि ‘याशिवाय ऐकत नाही हो’ हे ठरलेलं उत्तर. 1965 च्या केंद्रीय नियमांनी टोकदार, काटेरी लगामावर बंदी घातली आहे. त्याच नियमांत तट्टाच्या पाठीवर 70 किलोंहून जास्त ओझं लादू नये असंही आहे. आपली जुनी विद्या जिवंत असती तर हा लगाम इतका पसरला असता का, हा प्रश्न मला छळतो. विद्या होती, ती थोड्या घराण्यांत राहिली, आणि घोडा पोटासाठी चालवणाऱ्या गरीब माणसापर्यंत पोचलीच नाही, असं माझं मत आहे. त्या माणसाला क्रूर म्हणून मी मोकळी होणार नाही. दाब कधी सोडायचा हे त्याला कोणी शिकवलंच नाही आणि घोड्याला शिकवायला लागणारे दिवस त्याला परवडत नाहीत.

तुम्ही विचारलंत की माथेरानला गेलेल्या कुटुंबाने मग काय बघावं. ओठांचे कोपरे बघा, जखम किंवा जुना पांढरा वण आहे का. खोगिराखाली हात घालायला सांगा. नाल सैल आहे का, घोडा एका पायावर भार टाळतो का. मालक जवळ आला की घोड्याचे कान कुठे जातात. आणि लगाम तोंडातून काढून दाखवायला सांगा. चांगला घोडेवाला आनंदाने दाखवतो, आणि त्यालाच जास्त पैसे द्या.

आजोबांबद्दल तुम्ही एका वाक्यात लिहिलंय की शिंगराला ते आईच्या बरोबरीनेच मोरकी लावायचे आणि पहिलं खोगीर फार उशिरा चढवायचे. हे सविस्तर लिहाल का? किती वयाला, आधी पाठीवर काय टाकायचे, तोंडात लोखंड कधी घालायचे, घोडा बिचकला की ते स्वतः काय करायचे. तुमच्या घरी कोणी मोठी माणसं असतील तर त्यांनाही विचारा. मी ते तुमच्या शब्दांत इथेच छापेन आणि आजीबाईंना वाचून दाखवेन. त्यांनी तुमची प्रतिक्रिया माझ्याकडून पूर्ण ऐकली आणि त्यांचा पहिला प्रश्न आजोबांच्या मोरकीबद्दलच होता : ती सुताची होती, की केसांची?