माकूळ मरणारच आहे म्हणून आजच मारायचा का?

गेल्या आठवड्यात भावोजींनी मला एक संदेश पाठवला आणि खाली एवढेच लिहिले, "वाच आणि सांग, यात चूक काय आहे?" माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान रत्नागिरी तालुक्यातल्या एका ट्रॉलरचे निम्मे भागीदार आहेत. वीस-बावीस वर्षे ते या धंद्यात आहेत आणि पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस त्यांनी कधी मोडलेले नाहीत. त्यामुळे त्यांच्यासारख्या माणसाला हा संदेश पटू लागला आहे हे पाहून मी अस्वस्थ झालो. त्याच संध्याकाळी बंदरावरच्या आणखी तिघांकडून तोच मजकूर आला, तेव्हा त्याला सविस्तर उत्तर लिहायचे मी ठरवले.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे. माकूळ (म्हणजे स्क्विड) जेमतेम एक वर्ष जगतो आणि अंडी घालून मरतो, त्यामुळे बंदीत न पकडलेला माकूळ समुद्रात कुजून फुकट जातो. जगात कुठेही माकुळाच्या मासेमारीवर मर्यादा नाही. माकूळ पावसाळ्यात अंडी घालत नाही, म्हणून जून-जुलैची बंदी त्याच्या बाबतीत निरर्थक आहे. मासळी खेचण्यासाठी नौकेवर लावलेला एलईडी दिवा म्हणजे समुद्रावरचा कृत्रिम चंद्र असून त्याने काहीही बिघडत नाही. आणि आपण थांबलो तरी परराज्यातले ट्रॉलर व चिनी जहाजे थांबत नाहीत, म्हणून नियम पाळणाऱ्याचेच नुकसान होते. शेवटी, हे प्रत्येक मच्छीमार बांधवापर्यंत पोहोचवा, अशी विनंती आहे.

यातला पहिला मुद्दा ऐकायला सर्वांत बिनतोड वाटतो आणि तोच सर्वांत घातक आहे, म्हणून त्याच्यावर मी अधिक वेळ घेणार आहे. माकूळ सुमारे वर्षभरच जगतो हे खरे आहे. तो झपाट्याने वाढतो आणि आयुष्याच्या शेवटी अंडी घालून मरतो, हेही खरे आहे. पण यावरून काढलेला निष्कर्ष नेमका उलटा आहे. भात हे चार महिन्यांचे पीक आहे, लोंबी पिकल्यावर रोप वाळणारच आहे, म्हणून कोकणातला कोणताही शेतकरी बियाण्यासाठी बाजूला ठेवलेली कणगी मे महिन्यात रिकामी करून खात नाही. आंब्याच्या झाडाचे एक वर्ष वाया गेले तरी झाड उभे असते आणि पुढच्या वर्षी मोहोर येऊ शकतो. भाताचे बियाणे संपले तर पुढच्या आषाढात लावायला काहीच उरत नाही. माकूळ भातासारखा आहे. अनेक वर्षे जगणाऱ्या माशांचे तसे नसते. त्यांच्या तीन-चार वर्षांच्या पिढ्या एकाच वेळी समुद्रात असतात, त्यामुळे एखाद्या वर्षीची पिल्ले जगली नाहीत तरी आधीच्या वर्षांतली मोठी मासळी पुन्हा अंडी घालते आणि साठा सावरायला अवधी मिळतो. माकुळाच्या साठ्यामागे असा आधार नसतो. पुढच्या वर्षी समुद्रात जो माकूळ असेल तो सगळा यंदाच्या माकुळाच्या अंड्यांतून आलेला असेल, आणि यंदाचा माकूळ अंडी घालण्याआधीच जाळ्यात गेला तर त्याची भरपाई करायला गेल्या वर्षीचा माकूळ उरलेला नसतो.

म्हणून माकूळ मरणार की नाही, हा प्रश्नच चुकीचा आहे. तो अंडी घालण्याआधी मेला की नंतर, एवढाच प्रश्न महत्त्वाचा आहे. मादी अंड्यांच्या पांढऱ्या, बोटाएवढ्या पिशव्या समुद्राच्या तळाला चिकटवते, आणि तळ खरवडत जाणारे ट्रॉलचे जाळे त्या पिशव्यांवरूनच फिरते. ज्यांनी ट्रॉलवर काम केले आहे त्यांना या पिशव्यांचे चिकट घोस जाळ्यात येतात हे ठाऊक आहे. आता अंडी घालून मेलेला माकूळ फुकट जातो या म्हणण्याविषयी. तो इतर मासळीच्या पोटात जातो. जिवंत माकूळही सुरमई आणि कुपा खातात, आणि सुरमई व कुप्याचे पैसे याच बंदरावर मोजून घेतले जातात. शिवाय माकूळ इतक्या वेगाने वजन धरतो की आज पकडलेला लहान माकूळ काही आठवडे पाण्यात राहिला असता तर त्याचे वजन बरेच वाढले असते आणि मोठ्या मापाचा भाव मिळाला असता. हा हिशेब भावोजींना माझ्यापेक्षा चांगला समजतो, कारण लहान आणि मोठ्या माकुळाच्या दरातला फरक ते रोज लिलावात पाहतात.

दुसरा मुद्दा साफ खोटा आहे. जगात माकुळावर मर्यादा नाहीत असे म्हणणाऱ्याने दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांचे नाव ऐकलेले नसावे. या बेटांवर साडेतीन हजारांच्या आसपास माणसे राहतात आणि त्यांच्या अर्थव्यवस्थेचा सर्वांत मोठा आधार मासेमारी, त्यातही मुख्यतः माकूळ आहे. ज्यांचे पोट माकुळावर आहे त्यांनीच जगातले अत्यंत काटेकोर नियम स्वतःवर लादून घेतले आहेत. तिथे किती नौकांना परवाना द्यायचा हे ठरलेले असते. लोलिगो जातीच्या माकुळासाठी वर्षात दोन हंगाम असतात, एक साधारण फेब्रुवारीपासून आणि दुसरा जुलैच्या अखेरीपासून, आणि मधल्या काळात ती मासेमारी बंद असते. हंगाम चालू असताना नौकांना रोजच्या पकडीची नोंद द्यावी लागते. त्या नोंदींवरून समुद्रात किती माकूळ उरला असेल याचा अंदाज सतत बांधला जातो, आणि अंडी घालण्यासाठी उरणारा साठा सुमारे १०,००० टनांच्या खाली जाईल असे दिसले तर हंगाम मुदतीआधीच थांबवला जातो. हिशेबाचे मूळ तत्त्व किती पकडले हे नसून किती मागे सोडले हे आहे. २०२४ साली दुसऱ्या हंगामाआधीच्या पाहणीत साठा कमी आढळला, तेव्हा तो हंगाम सुरूच केला गेला नाही. एका अख्ख्या हंगामाच्या उत्पन्नावर पाणी सोडणे त्यांना सोपे गेले नसणार.

त्याच समुद्रातली दुसरी गोष्ट आयुष्य लहान असण्याचा अर्थ अधिक स्पष्ट करते. इलेक्स नावाचा दुसरा माकूळ फॉकलंडच्या पाण्यात २०१५ साली साडेतीन लाख टनांहून अधिक मिळाला होता आणि त्यापुढच्याच वर्षी तीन हजार टनसुद्धा मिळाला नाही. ही घसरण समुद्राच्या बदललेल्या परिस्थितीशी जोडली जाते, आणि माझे म्हणणे असे नाही की तिथे जाळ्यांनी तो संपवला. माझे म्हणणे असे आहे की ज्या जिवाचा साठा निसर्गाच्या एका फटक्याने एवढा खाली येऊ शकतो, त्याच्यावर आपण जाळ्यांचा दुसरा फटका मारू नये.

कॅलिफोर्नियातही माकुळाच्या वार्षिक पकडीला १,१८,००० टनांची कमाल मर्यादा आहे, आणि २०१० साली ती मर्यादा गाठली गेली तेव्हा डिसेंबरमध्येच हंगाम बंद करण्यात आला. तिथे दर आठवड्याला शुक्रवारी दुपारपासून रविवारी दुपारपर्यंत माकूळ पकडता येत नाही, आणि त्यामागचे कारण निव्वळ एवढे आहे की अंडी घालायला आलेल्या माकुळाला दोन दिवस तरी निर्वेध मिळावेत. जपानने १९९८ पासून आपल्या माकुळावर एकूण पकडीची मर्यादा घातली आहे. आपल्याकडे मात्र माकुळाच्या वजनावर कोणतीही मर्यादा नाही. आपल्याला सोसावी लागते ती मुख्यतः पावसाळी बंदी, आणि संदेशात तक्रार आहे ती तिच्याचविषयी.

त्या बंदीबद्दलचा तिसरा मुद्दा मला अर्धा मान्य करावा लागतो, आणि तो मी नाइलाजाने का होईना, पण प्रामाणिकपणे मान्य करतो. पश्चिम किनाऱ्यावरची १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी माकुळाच्या जीवनचक्रावरून आखलेली नाही. ती अनेक जातींच्या मासळीचा आणि खवळलेल्या समुद्रात जाणाऱ्या खलाशांच्या जिवाचा एकत्र विचार करून ठेवलेली आहे. आपल्या किनाऱ्यावरचा माकूळ जवळपास वर्षभर थोडीफार अंडी घालत असतो आणि त्याचा जोर सगळ्या वर्षी, सगळ्या ठिकाणी एकाच महिन्यात नसतो. त्यामुळे ही बंदी माकुळासाठी अपुरी आहे, असे कोणी म्हणाले तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. परंतु अपुरी आहे म्हणून ती निरर्थक ठरत नाही. ६१ दिवस तळावरून यांत्रिक जाळे फिरत नाही, तेवढ्या काळात तळाला चिकटलेली अंडी सुरक्षित राहतात आणि लहान माकुळाला वाढायला अवसर मिळतो. बंदी माकुळाला नीट लागू पडत नसेल तर माकुळासाठी आणखी काही दिवस मागायला हवेत. आहेत तेवढेही काढून टाका, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

बंदीच्या काळात घर चालवणे कठीण जाते, हेही मी नाकारत नाही. केंद्राच्या योजनेत गरीब पारंपरिक मच्छीमाराला बंदीच्या व टंचाईच्या तीन महिन्यांसाठी मिळून ४,५०० रुपये मिळतात आणि त्यातले १,५०० रुपये त्याचे स्वतःचे असतात. महिन्याला दीड हजार रुपयांत आज कोणाचेही घर चालत नाही. संदेश लिहिणाऱ्याने ही रक्कम वाढवून मागितली असती तर मी तो स्वतः दहा जणांना पाठवला असता.

एलईडीचा मुद्दा भावोजींनी खरे तर स्वतःच खोडायला हवा होता. दिव्यांची मासेमारी काळोख्या रात्री का चालते आणि पौर्णिमेच्या आसपास ती का मंदावते, हे दर्यावर जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चंद्राचा उजेड सगळ्या समुद्रावर सारखा पसरतो, त्यामुळे मासळी एका जागी जमत नाही. एलईडीचा प्रखर झोत दूरवरची मासळी एका वर्तुळात ओढून आणतो आणि मग तिच्याभोवती जाळे टाकले जाते. दिवा चंद्रासारखाच असता तर चंद्र असताना तो निष्प्रभ ठरला नसता. त्या वर्तुळात माकुळाबरोबर बांगडा आणि तारलीची लहान पिल्लेही येतात, आणि ती निवडून परत सोडता येत नाहीत. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये याच कारणांनी एलईडीच्या मासेमारीवर बंदी घातली, आणि आपल्या राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन दंड लाखांच्या घरात गेला. कॅलिफोर्नियात माकुळासाठी दिवे चालतात हे खरे आहे, पण तिथेही एका नौकेवर ३०,००० वॉटपेक्षा अधिक प्रकाश चालत नाही.

राहिला परराज्यातल्या ट्रॉलरचा आणि चीनचा प्रश्न. सिंधुदुर्गाच्या पाण्यात बाहेरचे वेगवान ट्रॉलर घुसतात, किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या रापणकरांची आणि लहान नौकांची जाळी फाडून जातात, आणि गस्तीची नौका पोहोचेपर्यंत निघून जातात, ही तक्रार खरी आहे आणि ती करणाऱ्यांच्या बाजूने मी नेहमीच उभा राहिलो आहे. पण घरात चोर शिरतो म्हणून आपणच आपली पेटी फोडायची, हा त्यावरचा उपाय नव्हे. चीनबद्दल बोलायचे तर ही तुलना संदेशकर्त्याला अडचणीचीच आहे. फॉकलंड आणि अर्जेंटिनाच्या हद्दीबाहेर शेकडो चिनी जहाजे माकूळ पकडतात हे सत्य आहे, आणि तरीही त्याच चीनने २०२० साली खुल्या समुद्रातल्या माकुळासाठी दोन ठिकाणी तीन-तीन महिन्यांची बंदी स्वतःच्या जहाजांवर लागू केली. ते महिने आणि ती क्षेत्रे फारशी मासळी नसलेली निवडली, असा आक्षेप त्यावर घेतला जातो आणि त्यात तथ्य असू शकते. पण चीन थांबतच नाही, हे विधान त्यामुळे खरे ठरत नाही.

हे सगळे मी भावोजींना फोनवर सांगितले. भाताच्या बियाण्याचा दाखला त्यांना लगेच पटला, बाकीचे त्यांनी नुसते ऐकून घेतले. मग त्यांनी विचारले की लहान माकूळ म्हणजे नेमका केवढा, कारण जाळे वर आल्यावर डेकवर उभे राहून वैज्ञानिक चर्चा करता येत नाही. मी त्यांना केरळचे माप सांगितले. तिथल्या नियमानुसार डोके आणि पाय सोडून माकुळाच्या नुसत्या धडाची लांबी ८० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तो पकडता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जेट्टीवरून एक छायाचित्र पाठवले. आईस बॉक्सच्या झाकणावर पाच माकूळ ओळीने ठेवले होते, शेजारी भाच्याच्या कंपासपेटीतली पट्टी होती, आणि पाचांपैकी दोन त्या मापात बसत नव्हते.