खुलासा : १९३६ चा कौल फक्त फोन-मोटारवाल्यांमुळे फसला नव्हता

सर्वेक्षणाबद्दलच्या एका संदेशात असं म्हटलंय की, अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाचा १९३६ चा राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा अंदाज चुकला, कारण त्यांनी फक्त श्रीमंतांना विचारलं, यादी सगळ्या थरांतली असती तर अंदाज बरोबर आला असता. हे अर्धंच खरं आहे.

यादीत दोष होताच. नावं मुख्यतः टेलिफोन आणि मोटारींच्या नोंदींतून घेतली होती, आणि मंदीच्या काळात गरीब मतदार त्यात कमीच सापडणार. पण नंतरच्या अभ्यासात दिसलं की फोन आणि मोटार दोन्ही असलेल्यांमध्येही तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनाच बहुमत होतं. मग त्यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकतील असा अंदाज आला कुठून? सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालानं गेल्या, परत आल्या जेमतेम २४ लाख. ज्यांनी तसदी घेऊन उत्तर धाडलं, त्यांच्यात लँडन समर्थक जास्त होते. न बोललेल्यांचं मत वेगळं होतं. प्रत्यक्षात रूझवेल्टना जवळपास ६१ टक्के मतं पडली.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. यादी सुधारली, पण उत्तर धाडणाऱ्यांचीच मतं मोजली, तर चूक तशीच राहते. सोसायटीच्या ग्रुपवर फॉर्म टाकून ‘३०० जणांनी भरला’ म्हणणाऱ्यांनी तो किती जणांपर्यंत पोचला होता, हेही सांगावं. घरोघरी जाऊन विचारतानाही, दार बंद मिळालं म्हणून शेजारच्या घरी प्रश्न विचारू नयेत. वेळ बदलून, संध्याकाळी, त्याच दारी पुन्हा जावं.