भाव विचारला की सगळे मुके

नाव काय, तर केळी उत्पादकांचा ग्रुप. रावेर-यावलकडचे आम्ही सगळे. व्हॉट्सॲपने १०२४ माणसं घालायची सोय केली म्हणून ॲडमिनने पाव्हणे-रावळे, खतवाले, इच्छुक उमेदवार असे सगळे कोंबलेत. वर लिहून ठेवलंय, फक्त केळीविषयी बोला. आणि पहाटे पाचला काय येतं? गुलाबावर दवबिंदू, खाली सुविचार. अरे भो, रात्रीची लाइट आहे म्हणून मी मोटार बघायला उठलोय, सुविचार वाचायला नाही!

बरं, विचारावं काहीतरी कामाचं. बुऱ्हाणपूरच्या केळी बाजारात आज काय भाव निघाला? इकडे फलकावर एक भाव आणि शेतात व्यापारी बोलतो दुसराच, तर नवतीला, म्हणजे नव्या लागवडीच्या मालाला, खरोखर हातात काय पडतंय? वाचणाऱ्यांची यादी पटापट वाढते. उत्तर? एकाचंही नाही. ज्याचा माल कालच कापला गेला तोसुद्धा गप्प, कारण आपल्याला मिळालेला भाव शेजाऱ्याला कळला तर पोटात दुखतं ना! मग हेच लोक पारावर बसून म्हणणार, व्यापाऱ्यांनी लुटलं. लुटणारच. त्याला माहीत आहे तुम्ही एकमेकांशी बोलत नाही.

तेवढ्यात कुण्या भाऊंचा वाढदिवस निघतो. झालं! मुके सगळे बोलायला लागतात. केक, हार, वाघाचा फोटो, 'किंगमेकर'. मध्येच कुणाची तरी आई गेल्याची बातमी येते, तिच्याखाली वाचता न वाचता 'हार्दिक शुभेच्छा भाऊ' ठोकून देतात. लाज वाटते हो.

परवा एका पोराने पानांचा फोटो टाकला, पिवळे पट्टे. सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक रोग, आहे का, विचारत होता बिचारा. पहिलं उत्तर दुकानदाराचं, रामबाण बाटली आहे, फोन करा. कसली बाटली? तो विषाणू आहे, त्याला औषध नाही. झाड उपटून नष्ट करायचं आणि तो पसरवणारा मावा किडा आटोक्यात ठेवायचा, कारण तोच मावा उद्या शेजारच्या बागेत जातो. म्हणजे एकाच्या बागेत रोग दिसला की आजूबाजूच्यांना त्याच दिवशी कळायला हवं. ग्रुप दुसऱ्या कशासाठी असतो? पण त्या पोराच्या फोटोवर लगेच लग्नपत्रिका पडल्या. आहेर स्वीकारला जाणार नाही म्हणे.

आणि अफवा मात्र सुसाट. 'पुढे पाठवा' लिहिलेलं दिसलं की बोट थांबत नाही. 'सांभाळा, गावात मुलं पळवणारी टोळी आलीय' हा मेसेज आजही फिरतो, आणि तोही आपल्या खानदेशात! १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात असल्याच अफवेवर पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने देशात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. आमच्या आप्पांचं म्हणणं, पाच तर पाच, पुन्हा पाच पाठवू.

यावर बोललं की राजकारण सुरू. 'तुम्ही ॲडमिन आहात का?' मग दोन तट, मग रुसवे, मग दहा-बारा जण 'लेफ्ट', आणि संध्याकाळपर्यंत नवा ग्रुप, नावात 'ओरिजिनल'. त्यातही मला न विचारता घातलंय. आत्ताच उघडून पाहिलं. भाव विचारलाय एकाने, सकाळपासून तसाच पडलाय. खाली गुलाब.