नवोदयचा निकाल: श्रेय शाळेचं की चाळणीचं?

नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, सहावीच्या प्रवेशाची यादी लागली की तालुक्याच्या चौकात फ्लेक्स झळकतात. दहा-अकरा वर्षांची पोरं, पासपोर्ट फोटो आणि त्याहून मोठा क्लासच्या सरांचा फोटो. मग कोणीतरी हमखास म्हणतं, "नवोदयचा दहावीचा निकाल बघा, ९९ टक्क्यांवर! शाळा असावी तर अशी."

मला हेच खटकतं. जिल्ह्यातून हजारो पोरं प्रवेश परीक्षेला बसवायची, दोन तासांत ८० प्रश्न सोडवून घ्यायचे, त्यातली ८० पोरं उचलायची आणि पाच वर्षांनी ती दहावी पास झाली म्हणून शाळेची पाठ थोपटायची? ही पोरं गावच्या हायस्कुलात राहिली असती तर काय नापास झाली असती?

शाळेनं काय दिलं हे बघायचं तर काठावरची पोरं बघावी लागतात. एका प्रश्नाला सव्वा मार्क. एक पोरगा तेवढ्यानं आत, दुसरा तेवढ्यानंच बाहेर. 'विसंगत आकृती ओळखा'मध्ये एकानं चुकीचा गोल काळा केला, एवढाच काय तो दोघांतला फरक. २०२१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी जोशुआ अँग्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टन-न्यूयॉर्कच्या प्रवेश परीक्षावाल्या शाळांत अशीच पोरं तपासली. त्यात न्यूयॉर्कची स्टायव्हेसंटसारखी नावाजलेली शाळाही होती. काठाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पोरांच्या पुढच्या मार्कांत जवळपास काहीच फरक निघाला नाही. वर्गात सगळी हुशार पोरं असूनही! इंग्लंडच्या ग्रामर शाळांबद्दल (त्याही परीक्षा घेऊनच पोरं निवडतात) डरहॅम विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१८ मध्ये तेच सांगितलं: मुलांचे आधीचे मार्क आणि घरची परिस्थिती हिशेबात धरली की सरशी उरत नाही.

आता नवोदयचे माजी विद्यार्थी कमेंटमध्ये येतीलच (या, तुमची शाळेवरची माया मला माहीत आहे) आणि म्हणतील, आमचं वेगळं आहे. मला ते बऱ्यापैकी पटतं. बोस्टनमध्ये हुकलेल्या पोराला दुसरी धड शाळा मिळते. आपल्याकडे हुकलेली पोरगी कुठे परत जाते? एकाच गुरुजींकडे दोन-दोन वर्ग, गणिताचं पद रिकामं, आणि पुढं हायस्कुलाला जायचं तर एसटीच्या वेळेवर सगळं अवलंबून. नवोदयमध्ये निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना आहेत. राहणं, जेवण, पुस्तकं, प्रयोगशाळा, रात्री अडलं तर आवारातच राहणारे शिक्षक. शेतमजुराच्या लेकीला हे सहावीपासून मिळालं तर फरक पडणारच.

पण मग तो फरक वसतिगृहाचा आणि शिक्षकांचा झाला. चाळणीचा कसा? आश्रमशाळेतही राहण्या-जेवणाची सोय आहे, प्रवेश परीक्षा नाही. तिथं विज्ञानाला शिक्षक आहे का, हे विचारायला मात्र कोणी फ्लेक्स लावत नाही. आणि आपण काय करतो? चौथीतल्या पोराला निवासी अकादमीत टाकून आकृत्या घोकून घेतो.

देशातली पहिली दोन नवोदय १९८५-८६ मध्ये सुरू झाली, त्यातलं एक आपल्या अमरावतीचं. म्हणजे चाळीस वर्षांची आकडेवारी जमली असणार. प्रवेश परीक्षेचे मार्क नवोदय विद्यालय समितीकडे, दहावीचे बोर्डांकडे. सव्वा मार्कानं आत गेलेल्यांचे आणि सव्वा मार्कानं हुकलेल्यांचे निकाल शेजारी-शेजारी मांडा आणि जाहीर करा. ते ९९ टक्के तोवर मला ऐकवू नका.