सायटिका मालिशने मुळापासून जात नाही

सध्या गावागावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. कमरेतून पायात उतरणारी कळ, म्हणजे सायटिका, ही दबलेली नस, जवसाच्या गरम तेलाने जोरात रगडली की सुटते, डॉक्टरची गरज नाही, असं त्यात म्हटलंय. यातलं थोडं खरं आहे, म्हणून जास्त फसवं.

सायटिक नस अंगठ्याएवढी जाड. कमरेच्या मणक्यांतून निघते, कुल्ल्याच्या स्नायूंखालून पायात जाते. बहुतेकांची कळ येते ती मणक्यांमधली गादी सरकून नसेच्या मुळावर दाब पडल्याने. तिथवर मालिश पोचत नाही. पण दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला मालिशने बरं वाटतं, तेही खोटं नाही. कळेमुळे कंबर-कुल्ल्याचे स्नायू आखडतात. हलक्या हाताने ते सैल होतात, रात्री झोप लागते. तेल जवसाचं की तिळाचं, काही फरक पडत नाही. शिवाय बहुतेकांचं दुखणं 6 ते 12 आठवड्यांत आपोआप ओसरतं. श्रेय मात्र शेवटच्या मालिशवाल्याला!

पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घेणं तर बंदच करा. बधिर पायाला कडकडीत शेकही नको, भाजलेलं कळत नाही. शुगर असेल तर अजूनच जपा.

लघवी अडली किंवा नकळत झाली, बैठकीची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, चालताना चप्पल निसटू लागली, तर वेचणी राहिली तरी चालेल, त्याच दिवशी दवाखाना गाठा.