बारसं, विमान आणि चढता बाजार

लातूरला विमानतळ आहे. धावपट्टी आहे, कुंपण आहे, बड्या मंडळींची विमानं अधूनमधून उतरतातही. तुम्ही-आम्ही तिकीट काढून बसावं असं रोजचं विमान तेवढं नाही. त्यामुळे तिकीट कधी काढावं याच्या आधी लातूरकराला कुठून काढावं हे ठरवावं लागतं. हैदराबाद, पुणे, नांदेड की संभाजीनगर? हैदराबादच्या शमशाबाद विमानतळाहून तिकीट हजाराने स्वस्त दिसलं म्हणून खूश व्हावं, तर तिथवर नेणारा गाडीवाला ते हजार टोलनाक्याआधीच वसूल करतो.

निमित्त बारशाचं होतं. मेहुणीचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं, दुसरं सासरी, बंगळुरूला. जायचे आम्ही पाच जण: सासरे, सासूबाई, मी, बायको आणि आमचे चिरंजीव. देशातल्या देशात जायचं तर तिकीट महिना-दोन महिने आधी काढावं, असं जाणकार सांगतात. बारसं बाराव्या दिवशी असतं. म्हणजे मूल जन्माला यायच्या महिनाभर आधी त्याच्या बारशाचं तिकीट काढून मोकळं व्हायचं! डॉक्टरीणबाईंनी एक तारीख दिली होती. पण दिलेली तारीख पाळायची सवय या घराण्यात कुणालाच नाही, ती पोटातल्याला कुठून असणार?

शेवटी सासूबाईंनी तोडगा काढला. बारसं सव्वा महिन्याने करायचं. मग सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, आपली अट घातली. "सोयाबीनची रास झाल्याबिगर मी हलत न्हाई." बाळ, रास आणि पंचांग या तिघांचं एकमत होईल अशी तारीख निघाली ती नेमकी दिवाळीनंतरच्या रविवारची. त्या रविवारी मराठवाड्यातली निम्मी पोरं दिवाळी उरकून पुण्या-बंगळुरूला परत निघालेली असतात. म्हणजे जाताना आम्ही लोंढ्याबरोबर, भाडं दुप्पट. येताना लोंढ्याच्या उलटं, भाडं निम्मं. दिवाळीआधी गेलो असतो तर हेच गणित उलटं पडलं असतं. पण रास!

आता अण्णांविषयी. अण्णांचा उभा जन्म भाव बघण्यात गेला. 2021 च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं, तेव्हा अण्णांच्या घरात औषधाला दाणा नव्हता; सगळा माल आदल्या दिवाळीतच अडतीवर घातलेला. त्याचा धडा घेऊन पुढे त्यांनी पोती थोपवून धरली, तर भाव वर चढायचंच विसरला. असा माणूस माझ्या मोबाइलमध्ये डोकावून बसला की काय होतं?

"पाव्हणं, आज किती निघालं?"

"सहा हजार दोनशे, अण्णा."

"काल?"

"पाच नऊशे."

"मग थांबा. चढलेला भाव उतरतोच."

मला एकदम ठणकावून बोलता येईना. सासरेच ते. शिवाय रोज तीनशे चढत होते ते माणशी, आणि पैसे आम्ही अर्धे-अर्धे घालणार होतो. मी थांबलो.

पुण्यात आयटीत असलेला भाचा फोनवर तज्ज्ञ झाला. "मामा, मंगळवारी रात्री बघ. आणि ब्राउझरच्या गुप्त खिडकीत बघ, नाहीतर कंपनीला कळतं तुला गरज आहे ते." मंगळवारचं मूळ अमेरिकेत. तिकडे म्हणे पूर्वी एका कंपनीने सोमवारी रात्री सवलत काढली की बाकीच्या मंगळवारी आपले दर खाली आणायच्या. आता दर संगणक बदलतो, त्याला वार-तिथी काही नाही. तरी मंगळवारी रात्री आमच्या बैठकीत गुप्त खिडकी उघडली. लाइट बंद करायचीही सूचना आली. कुणाची ते सांगत नाही. भाडं दिवसा होतं तेवढंच निघालं.

खरा प्रकार असा. विमानात सीटा साधारण एकशेऐंशी. सगळ्या सारख्याच, गुडघा पुढच्याच्या पाठीला लागणाऱ्या. पण कंपनी त्यांच्या थप्प्या लावते. एवढ्या सीटा या भावाने, त्या संपल्या की पुढची थप्पी वरच्या भावाने. शेवटच्या थप्प्या राखून ठेवायच्या ऐनवेळी येणाऱ्यासाठी. कारण परवाच्या विमानासाठी आज धावत येणारा माणूस घासाघीस करत नाही. गरजवंताला अक्कल नसते, हे कंपन्यांनी हिशोबात बसवलंय. अमेरिकन एअरलाइन्सने 1985 साली हा खेळ मोठ्या प्रमाणावर मांडला: आधी काढणाऱ्या हौशी प्रवाशाला स्वस्त, उशिरा येणाऱ्या साहेबाला महाग. आपल्याकडे 1994 ला खासगी कंपन्यांना रान मोकळं झालं. मधे मे 2020 ते ऑगस्ट 2022 सरकारने भाड्याला खालून-वरून दोन्हीकडून दावं बांधलं होतं, तेही सुटलं. आणि एप्रिल 2017 मध्ये ‘उडान’ योजनेचं विमान नांदेड-हैदराबाद उडालं तेव्हा तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांची मर्यादा होती खरी, पण ती निम्म्याच सीटांना.

हे मी अण्णांना आडत बाजाराच्या भाषेत सांगितलं. पोटलीत, म्हणजे नमुन्याच्या लिलावात, निघालेला भाव आणि आपल्या पोत्याला मिळालेला भाव यातला फरक त्यांना नव्याने सांगायची गरज नव्हती. जाहिरातीतलं दीड हजार म्हणजे पोटली, एवढं त्यांना लगेच पटलं. पटेना ते एकच. "आपल्याकडं माल जास्त आला की भाव पडतो. इथं तर विमान तेच, सीटा त्याच. मग वाढायलंय कामून?" मी म्हटलं, अण्णा, इथे दिवस जातील तसा माल कमी होतो आणि गरजू वाढतात. ते बराच वेळ गप्प बसले. बहुधा आपण जन्मभर या बाजाराच्या चुकीच्या बाजूला उभे होतो, असं काहीतरी त्यांच्या मनात चाललं असावं.

थप्प्यांचा सगळ्यात नामी विनोद मला फार उशिरा सापडला, आणि तो चिरंजिवांनी चुकून पाच ऐवजी एक दाबल्यामुळे. एका माणसाचं भाडं पाच हजार सहाशे. पाचांचं विचारलं की माणशी सहा हजार आठशे! कारण स्वस्त थप्पीत सीटा दोनच उरलेल्या. पाचही जणांना एकाच भावात बसवायचं, म्हणून संगणक सगळ्यांनाच वरच्या थप्पीत ढकलतो. एकत्र कुटुंबाला या व्यवस्थेत दंड आहे. तेव्हा दोन तिकिटं वेगळी आणि तीन वेगळी काढायची ठरली. मग नवा पेच: स्वस्तातले दोघं कोण? सासूबाई म्हणाल्या, मी महागात बसते, सवय आहे. बायकोने माझ्याकडे पाहिलं. वास्तविक विमानात कुणाच्या कपाळावर भाडं लिहिलेलं नसतं, तरी स्वस्त तिकिटं माझ्या आणि चिरंजिवांच्या नावावर लागली, आणि ‘जावयाला स्वस्तातलं घेतलं’ हे पाहुण्यांत जायला नको म्हणून मला तोंड बंद ठेवायची ताकीद मिळाली. ती मी आत्ता मोडली.

पैसे भरताना भाड्याच्या अंगावर बाकीची पिलावळ चढली. सुविधा शुल्क माणशी. शेजारी बसायचं तर सीटेचे पैसे निराळे. सामान पंधरा किलोच, आणि सासूबाईंचे डिंकाचे लाडू, खारीक, बाळंतशेपा, बाळाची दुपटी आणि ज्वारीचं पीठ हे सगळं मिळून किती होतं ते कळावं म्हणून गावातून धान्याचा ताणकाटा आणवला. पीठ राहिलं. बंगळुरूलाही ज्वारी मिळते, असं मी म्हणालो. असली वाक्यं काही घरांत म्हणायची नसतात.

तिकिटं निघाली आणि मी तो ॲप काढून टाकला. माझ्या मते तिकीट काढल्यावर भाडं बघत राहणं हे रोग लावून घेणं आहे. अण्णांनी मात्र नातवाकडून तो आपल्या फोनमध्ये घालून घेतला. दोन दिवसांनी सकाळी सकाळी त्यांचा फोन. आवाजात दसरा.

"पाव्हणं, सात चारशे झालं!"

"बरं झालं की, अण्णा."

"जन्मात पहिल्यांदा मी घेतल्यावर भाव चढला."

पुढे रोज सकाळी मला भाव कळू लागला. सात नऊशे. आठ तीनशे. दिवाळीच्या पाडव्याला नऊ हजारांची वार्ता आली, आणि पाठोपाठ, आवाज बारीक करून,

"मी काय म्हणतो, माझं आन् तिचं तिकीट आता काढून टाकलं तर?"

"म्हणजे रद्द?"

"रद्द कशाला? इकायचं. गिऱ्हाईक हाय. आमच्या सरपंचाचं पोरगं त्याच दिशी बंगळुरूला चाललंय. आपण रेल्वेनं जाऊ की."

तिकीट नावावर असतं, दुसऱ्याला विकता येत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. पलीकडे मोठा सुस्कारा ऐकू आला.

"आन् वापस दिलं तर किती देतेत?"

"कापून हजार-बाराशे हातात येतील."

"ही तर आडतीपेक्षा वाईट कापणी झाली," अण्णा म्हणाले, आणि सरपंचाच्या पोराला किती सांगितलं होतं ते मात्र त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही.