खालून घ्यायची, म्हणजे निर्धोकच!

कंबर धरलीय ना? मग डॉक्टर कशाला? पेठेतल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर कोपर टेकवा आणि "ती खालून घ्यायची गोळी द्या" म्हणा. गुदद्वारातून आत सरकवायची, दुखणं थांबवणारी सपोझिटरी ती. हळू म्हणा, शेजारी ओळखीचं कोणीतरी उभं असणारच.

चिठ्ठी मागितली तर रागवा. तशी कोणी मागत नाहीच.

दोनच सुट्या घ्या. कात्री अशी अचूक चालते की डोस आणि एक्स्पायरी दुकानात राहते, तुमच्या हाती नुसती वेष्टणाची चांदी. काल वडिलांसाठी आणलेल्या तुकड्यावर 'डायक्लो' एवढंच उरलं होतं. ५० की १०० मिलिग्रॅम? "काका, तेच असतं हो ते." तेच कसं? मोठ्या माणसाला डायक्लोफिनॅक, म्हणजे हे पेनकिलर, दिवसाला जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम, गोळी, इंजेक्शन, सपोझिटरी सगळं धरून. १०० च्या दोन झाल्या की संपलं गणित.

भर एप्रिलात दुपारी ती स्कूटरच्या डिकीत टाका. अंगाच्या उबेने वितळण्यासाठीच बनवलेली वस्तू. घरी पोचेपर्यंत चमच्याने घ्यायची होते.

चांदी सोलायची असते, हे सांगायचं नाही. हात धुणं, डाव्या कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घेणं, नंतर पंधराएक मिनिटं पडून राहणं, हे सगळे चोचले.

आणि सोबत आयब्युप्रोफेनची, म्हणजे त्याच जातीच्या आणखी एका पेनकिलरची, गोळीही घ्या. "पोटात जातच नाही, मग अल्सर कसला?" हे ज्ञान सोसायटीच्या ग्रुपवर फुकट मिळतं. जातं कुठे मग? रक्तात! दुखणं वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची शरीरातली रसायनं हे औषध थांबवतं, पण जठराचं अस्तर राखणारी आणि किडनीचा रक्तपुरवठा सांभाळणारीही तीच. वाट बदलली म्हणून ती वाचत नाहीत.

बास झालं. अहो मेडिकलवाले, माझे वडील रक्त पातळ करायची गोळी घेतात, बीपीची घेतात. विचारलंत का एका शब्दाने? फार्मासिस्टचं सर्टिफिकेट फ्रेम करून टांगलंय, तो माणूस असतो कुठे? चिठ्ठीशिवाय विकू नये असं पाकिटावर छापलंय, ते वाचता येत नाही?

आणि तुम्ही गिऱ्हाईक! मूळव्याधीतून रक्त जातंय, पेनकिलरने दमा उसळतो, सातवा महिना लागलाय, आणि "काहीतरी स्ट्राँग द्या" म्हणता? पोटात रक्तस्राव होऊन शी डांबरासारखी काळी झाली तर तेव्हाही ग्रुपवर विचारत बसणार? उठा आणि हॉस्पिटल गाठा.